चेसिसला तडा गेलाय, वेल्डिंग करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सिलिंडरची, पंधरा-सोळा वर्षं वापरलेली, लोखंडी चेसिसची मोटारसायकल. टाकी उतरवून धुताना हँडलच्या नळीखाली पुढच्या उभ्या नळीवर, गसेटची (सांधा भक्कम करायला कोपऱ्यात वेल्ड केलेली) पत्ती जिथे संपते तिथे, केसासारखी आडवी रेघ दिसली. रेघेतून गंजाचा ओघळ आलाय. गेल्या सहा महिन्यांत इंजिनाचा पुढचा फाउंडेशन बोल्ट दोनदा ढिला झाला होता. वेल्डर म्हणतो, "अर्ध्या तासात रॉड मारून देतो, परत बघायला नको." करून घेऊ का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. साइड स्टँडच्या कानाला, म्हणजे तो ज्या पत्तीला बोल्टनं धरलेला असतो तिला, तडा असता तर म्हणालो असतो, हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत न्या. पण हँडलच्या नळीपाशी गेलेला तडा वेगळा. थकव्याचा तडा, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून धातू थकल्यानं जाणारा, महिनोन्‌महिने कणाकणानं सरकतो. मग उरलेला धातू भार पेलेनासा होतो आणि राहिलेला भाग एका दणक्यात जातो. तो दणका बहुधा जोरात ब्रेक दाबताना किंवा चाक खड्ड्यात आपटताना बसतो, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा पुढचं चाक जागेवर असण्याची सगळ्यात जास्त गरज असते. गाडी टेम्पोत टाकून न्या.

आता पहिला प्रश्न. वेल्डिंगला खरोखर अर्धा तासच लागेल, त्यात वेल्डर खोटं बोलत नाहीये. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम मात्र दीड-दोन दिवसांचं आहे आणि तेच तो करणार नाहीये. तडा बुजवणं सोपं आहे. तो तिथेच का गेला, हे कळल्याशिवाय बुजवला, तर काही महिन्यांनी तो दोन बोटं खाली किंवा वर पुन्हा भेटतो. हे मी माझ्याच हातच्या कामावरून सांगतोय, ती गोष्ट पुढे येईल.

सुरुवात रेघेपासून करू. दिसणारी प्रत्येक रेघ धातूतली नसते. जाड रंग किंवा पावडर कोटिंग वेल्डच्या कडेला स्वतःच फुटतं, आणि उलट लवचिक रंगाखाली खरा तडा लपूनही बसतो. तुमच्या बाबतीत ओघळ आहे, ही वाईट खूण आहे. तड्याचे दोन काठ एकमेकांवर घासतात, बारीक तांबूस भुकटी तयार होते, आत पाणी शिरतं आणि ती भुकटी बाहेर येते. नुसत्या रंगाच्या भेगेखालचा गंज पसरट असतो, रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. रेघेतूनच बारीक ओघळ येत असेल तर मी तडा गृहीत धरूनच पुढे जातो.

तरी खात्री करायचीच, आणि ती करताना ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. ग्राइंडरची चकती मऊ लोखंड पुढे लोटते आणि तड्याचं तोंड लिंपून टाकते. सँडब्लास्टिंगही तेच करतं, हजारो बारीक हातोड्या मारून तोंड मिटवतं. चकचकीत झालेली जागा पाहून गिऱ्हाईक खूश होतं, आणि तडा आत सुखरूप राहतो. रंग काढायला पेंट रिमूव्हर लावा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, कोपऱ्यात तारेच्या मऊ ब्रशनं हलकेच घासा. रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उघडी करा. फक्त रेघेपुरती केली तर जे बघायचं ते दिसणारच नाही.

मग डाय पेनिट्रंट, कारखान्यात जिला डीपी टेस्ट म्हणतात ती. तीन डबे असतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. आधी क्लीनरनं तेल-ग्रीस पूर्ण काढा आणि जागा सुकू द्या. लाल रंग फवारा आणि निदान दहा-पंधरा मिनिटं थांबा. थंडीत धातू गार असेल तर अर्धा तास. लोक इथेच घाई करतात. नंतर रंग पुसताना क्लीनर थेट चेसिसवर मारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. थेट मारलात तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि टेस्ट खोटं बोलते. पुसून फडकं जवळजवळ पांढरं निघू लागलं की डेव्हलपरचा पातळ हात द्या, चुन्याच्या पातळ निवळीसारखा.

आता दहा मिनिटं काही करू नका, फक्त बघा. आधी काहीच नसतं. मग पांढऱ्यावर एक गुलाबी ठिपका उमटतो, शेजारी दुसरा, आणि ते जुळत जाऊन रेघ होते. माझ्या एका कामात डोळ्यांना दिसणारी भेग करंगळीच्या नखाएवढी होती. डेव्हलपर सुकल्यावर लाल रेघ नळीच्या मागच्या बाजूला, वायरिंगच्या क्लिपखाली जाऊन, अर्धा घेर फिरून आली. मालक शेजारीच उभे होते. त्याच गाडीवर ते तीनशे किलोमीटर चालवत आले होते. पुढे काही मिनिटं कोणी बोललं नाही.

डबे मिळाले नाहीत तर जुना उपाय रॉकेल आणि खडूचा आहे. रॉकेल लावून अर्धा तास मुरू द्यायचं, खडखडीत पुसायचं, वर खडूची पूड किंवा स्पिरिटमध्ये कालवलेला खडू लावायचा. तड्यातलं रॉकेल झिरपून खडू ओला, काळपट होतो. डीपीइतकं बारीक पकडत नाही, पण नुसत्या डोळ्यांपेक्षा कितीतरी बरं. लोखंडी चेसिसला मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक लावून वर लोखंडाची भुकटी टाकायची) आणखी चांगली, ती रंगाच्या पातळ थराखालचाही तडा दाखवते. अ‍ॅल्युमिनियमवर तिचा उपयोग नाही.

टेस्ट फक्त त्या रेघेपुरती करू नका. एका जागी तडा गेला म्हणजे बाकीच्या सांध्यांनीही तेवढंच आयुष्य काढलंय. हँडलच्या नळीभोवतीचे सगळे वेल्ड, इंजिनाचे कान, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) पिव्हटची, म्हणजे तो ज्यावर हलतो ती जागा, मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे धरलाय तो भाग, दोन्ही स्टँडचे कान, कॅरिअर आणि पायदानाचे ब्रॅकेट. साइड स्टँडचा कान तर मी न विचारता बघतो, कारण स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून किक मारणं किंवा गप्पा मारणं ही आपली सवय आहे, आणि तो कान त्या वजनासाठी बनवलेला नसतो.

तडा कुठे आहे यापेक्षा तो कसा गेलाय, हे जास्त बोलकं असतं. नळीला आडवा असेल तर ती जागा वाकवली किंवा ओढली जातेय. तिरका, नळीभोवती पीळ घेत गेलेला असेल तर पिळवटणारा भार आहे. वाकडा चिमटा, चिमट्याची झिजलेली बुशिंग, एकाच बाजूला लटकवलेलं सामान, असं काहीतरी. नळीच्या लांबीच्या दिशेनं उभा फुटला असेल तर बहुधा नळीची शिवण उसवलीये किंवा आत पाणी साठून गंजानं भिंत पातळ झालीये. उभ्या तड्याला वरून वेल्डिंग मारणं मी टाळतो. ती नळीच गेलेली असते.

तुमचा आडवा आहे आणि पत्तीच्या टोकाला आहे. ही जागा सगळ्यात सामान्य. गसेट नळीला तेवढ्या लांबीत कडक करतं. पत्ती संपते तिथे कडक भाग एकदम संपून लवचिक भाग सुरू होतो आणि सगळं वाकणं त्या एका रेषेत गोळा होतं. त्यात वेल्डचा पाय, म्हणजे वेल्डची कड जिथे मूळ नळीला मिळते ती रेषा, हीच खाचेसारखी असते. कारखान्यातल्या वेल्डमध्ये तिथे जरासा अंडरकट, म्हणजे कडेला वितळून पडलेला चर, राहिला असेल तर तडा सुरू व्हायला एवढंच पुरतं. पण गाडी पंधरा वर्षं टिकली, याचा अर्थ नुसत्या वेल्डला दोष देऊन भागणार नाही. अलीकडे काहीतरी बदललंय.

आणि तुम्हीच लिहिलंय काय बदललंय ते: फाउंडेशन बोल्ट. अशा चेसिसमध्ये इंजिन नुसतं टांगलेलं नसतं, ते चेसिसचाच एक भाग म्हणून भार घेतं. पुढचा बोल्ट ढिला झाला की उभी नळी एकटी पडते. वर एका सिलिंडरचे हादरे इंजिनाचा कान प्रत्येक फेऱ्याला तिच्यावर आपटवतात. प्रश्न एवढाच की बोल्ट ढिला झाला म्हणून तडा गेला, की तडा गेला म्हणून बोल्ट ढिला होत राहिला. दोन्ही होतं. बोल्ट काढून भोकं बघा. भोक लांबट झालं असेल, कानावर घासून चकाकी आली असेल, तर ढिलाई जुनी आहे, तीच मूळ. भोक गोल आणि स्वच्छ, पण बोल्ट फक्त गेल्या सहा महिन्यांत सुटतोय, तर तडा आधीचा असण्याची शक्यता जास्त.

बोल्ट काढताना आणखी एक गोष्ट बघा. यावर फारसं कोणी बोलत नाही. नट सैल करत असताना इंजिनाचा कान आणि चेसिसचा कान यांच्यात फट उघडते का? फट एकदम 'टक्' करून उघडली, तर कोणीतरी मधला स्पेसर किंवा वॉशर हरवलाय आणि नट पिळून नळी इंजिनाकडे ओढून घेतलीये. ती नळी उभ्या गाडीतही ताणात असते, रस्त्याचा भार त्यावर वेगळा. इंजिन एकदा उतरवून परत बसवलेल्या गाड्यांत हे मला वारंवार सापडतं. दीड मिलिमीटरच्या हरवलेल्या वॉशरनं चेसिस फुटलेली मी पाहिली आहे. तुमच्या गाडीचं इंजिन कधी उतरवलं होतं का, ते आठवून बघा.

वेल्डिंगआधी मोजमाप. चेसिस वाकलेली असेल तर ती वाकडी असतानाच वेल्ड करून कायमची वाकडी कराल. दोन सरळ पट्ट्या किंवा ताणलेल्या दोऱ्या मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे न्या. पुढचं टायर अरुंद असतं, तेव्हा दोन्ही बाजूंना फट दिसेल, ती सारखी हवी. हँडलची नळी आणि मागचं चाक एकाच प्रतलात उभं आहे का, ते लांबून एक डोळा मिटून बघा. हँडलच्या नळीच्या खालच्या टोकापासून चिमट्याच्या पिव्हटच्या दोन्ही टोकांपर्यंत डावं-उजवं अंतर मोजा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर आधी जिगवर, म्हणजे मापाच्या साच्यात, सरळ करणारा माणूस शोधा. गाडी कधी समोरून ठोकली गेली असेल तर हे टाळूच नका.

धातू कोणता हेही ठरवावं लागतं. बहुतेक साध्या गाड्यांची चेसिस सौम्य पोलादाच्या, दीड ते अडीच मिलिमीटर भिंतीच्या नळ्यांची असते. ती क्षमाशील असते, नीट वेल्ड होते. काही महागड्या आणि रेसिंग चेसिस क्रोमोलीच्या. त्यात साधारण एक टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असतं. तिला वेल्डिंगनंतर पाणी मारून किंवा पंख्यासमोर ठेवून गार केलं की सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होतो. ती स्थिर हवेत आपोआप गार व्हायला हवी. खरं तर कुठलाच वेल्ड पाण्यानं विझवू नका.

जुन्या गाड्यांत तिसरा प्रकार सापडतो: ओतीव लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोकळ तुकड्यात, नळी घालून पितळानं जोडलेली, किंवा १९५० साली आलेल्या नॉर्टनच्या 'फेदरबेड' रेसिंग चेसिससारखी, रेनॉल्ड्स ५३१ नळीला ब्राँझनं जोडलेली. सांध्याच्या कडेला पिवळी रेघ दिसली की तिथे आर्गॉन किंवा आर्क वेल्डिंग लावायचं नाही. लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास लागतात, पितळ नऊशेच्या अलीकडेच वितळतं. ते पातळ होऊन तापलेल्या पोलादाच्या कणांच्या फटींत शिरतं आणि आतून नव्या भेगा पाडतं. कोणीतरी आधी पितळ मारून 'दुरुस्त' केलेला तडाही याच कारणानं डोकेदुखी होतो. पितळ पूर्ण कापून काढावं लागतं, नाहीतर पुन्हा पितळानंच जोडावं लागतं. नीट केलेला पितळी जोड कमी दर्जाचा नसतो, हेही सांगून ठेवतो. फक्त तो करणारे हात कमी उरलेत.

आता तयारी. टाकी गाडीवरून काढून लांब ठेवा, बॅटरी काढा, ईसीयू, सीडीआय (इंजिन आणि ठिणगी सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक डबे) आणि रेग्युलेटरचे कपलर सोडा. सगळ्यात चांगलं म्हणजे चेसिस पूर्ण उघडी करणं. ते जमलं नाही तर वेल्डिंगची अर्थ वायर वेल्डपासून वीतभर अंतरावर, त्याच नळीवर लावायची. अर्थ मागच्या चाकाला लावून पुढे वेल्ड करणारे असतात. करंट मग चिमट्याच्या बेअरिंगमधून आणि हँडलच्या बॉल रेसमधून जातो, गोळ्यांवर सूक्ष्म ठिणग्यांचे डाग पडतात आणि महिन्याभरात हँडल दाणेदार चालू लागतं. काही चेसिसच्या नळीतच इंजिन ऑइल असतं. बीएसए आणि ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांत ते १९७१च्या मॉडेलपासून आलं, यामाहाच्या एक्सटी ५००मध्येही होतं. अशा नळ्या आतून धुऊन कोरड्या केल्याशिवाय ठिणगी लावायची नाही.

आणि एक इशारा, ज्यावर मी हट्टी आहे. काही ब्रेक क्लीनर आणि डीपीचे काही क्लीनर क्लोरिनयुक्त असतात. त्यांचा अंश धातूवर राहिला आणि वर आर्क पेटला, तर त्या प्रकाशानं आणि उष्णतेनं फॉस्जिन तयार होतो. पहिल्या महायुद्धात शत्रूवर सोडला गेलेला वायू हाच. वेल्डिंगआधीची शेवटची पुसणी अ‍ॅसिटोननं करा, पूर्ण उडू द्या, मग पेटवा.

तड्याचं टोक शोधणं हे मुख्य. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे तो काही मिलिमीटर गेलेला असतो. दोन्ही टोकांना, दिसणाऱ्या शेवटाच्या जरा पुढे, अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं म्हणून तो सरकतो, गोल भोकात पोचला की त्याची धार जाते. भोक पाडल्यावर पुन्हा डीपी. लाल रेघ भोकाच्या पलीकडे दिसली तर भोक चुकलं, आणखी पुढे पाडा. काही जण भोक न पाडता पूर्ण तडा उगाळून काढतात. ते चालतं, पण पूर्ण काढला हे डीपीनं सिद्ध करायला हवं. मग तड्याच्या रेषेवर पातळ चकतीनं किंवा कानशीनं साठेक अंशांची व्ही खाच, तळापर्यंत. दोन मिलिमीटरच्या भिंतीत वेल्ड आतपर्यंत पोचला पाहिजे. नुसता वरून बसवलेला मणी (वेल्डची उंचवट्याची रेघ) म्हणजे तड्यावर चिकटपट्टी. आसपासचा रंग, गंज, गॅल्व्हनायझिंग असेल तर तेही, इंचभर साफ.

नळी दोन्ही टोकांना बंद असेल तर कुठेतरी बारीक वाट ठेवा. आतली हवा तापून फुगते आणि शेवटचा टाका मारताना वितळलेला धातू फुंकरीसारखा उडवते. शेवटच्या टाक्यातच भोकं राहण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, आणि बोलणी मात्र वेल्डर खातो.

पद्धत: आर्गॉन, म्हणजे टिग, आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली टंगस्टनच्या टोकानं केलेलं वेल्डिंग. दोन मिलिमीटर भिंतीला साधारण ६० ते ८० अँपिअर, फिलर, म्हणजे भरणीची तार, ईआर७०एस-२, सौम्य पोलाद आणि पातळ क्रोमोली दोन्हींना चालतो. जास्त ताकदीचा फिलर म्हणजे चांगला जोड, हा गैरसमज आहे. इथे जोड जरा लवचिक असलेला बरा. सीओटू वेल्डिंग (तार आपोआप पुढे सरकणारं) सरावलेल्या हातात चालतं, पण बारीक तार आणि पातळ नळीत वरून सुंदर दिसणारा आणि खाली न चिकटलेला वेल्ड सहज होतो, बाहेरून कळतही नाही. तुमच्या वेल्डरचा रॉड? साधा अडीच मिलिमीटरचा रॉड या भिंतीला भोक पाडेल. भोक पडू नये म्हणून त्यानं करंट उतरवला की स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, आत अडकेल. शेतीच्या अवजाराला तो हात उत्तम असेल, इथे नको.

वेल्ड गार होताना आकसतो आणि नळी स्वतःकडे ओढतो. म्हणून इंजिनाची रिकामी क्रँककेस किंवा बोल्टच्या जागी बसणारा लोखंडी सांगाडा जागेवर घट्ट बसवून, आधी चार बाजूंना टाके, मग समोरासमोर छोटे छोटे भाग. सलग एका दमात घेर मारायचा नाही. सगळं गार झाल्यावर फाउंडेशन बोल्ट हातानं, हातोडीशिवाय आत गेला पाहिजे. ठोकावा लागला तर ताण पुन्हा नळीत भरला समजा.

आता पत्तीचा प्रश्न, आणि माझी ती गोष्ट. धंद्यात नवा असताना असाच तडा आला. मी वेल्ड केला, आणि भक्कम व्हावं म्हणून वर पाच मिलिमीटरची चौकोनी पत्ती वाकवून चारही बाजूंनी वेल्ड केली. दिसायला रणगाडा. आठ-नऊ महिन्यांनी तीच गाडी परत आली. माझ्या पत्तीच्या खालच्या कडेला, अगदी वेल्डच्या पायाशी, सरळ आडवा तडा होता, पट्टीनं आखल्यासारखा. पत्तीखालचा जुना जोड कापून बघितला तर शाबूत होता. मी कारखान्याची चूक तशीच, फक्त जास्त जाड करून, दोन इंच खाली नेऊन ठेवली होती.

त्या वेळी तुटका तुकडा उन्हात धरून बघितला, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. तड्याचा बराचसा भाग गुळगुळीत, काळपट-तपकिरी, आणि त्यावर एकात एक कोंदलेल्या कमानी, ओहोटीला वाळूवर राहतात तशा. सगळ्या कमानींचं केंद्र वेल्डच्या कडेच्या एका बिंदूकडे होतं. उरलेली पातळ चंद्रकोर खरखरीत, चांदीसारखी चकाकती. ती शेवटच्या दिवशी तुटलेली. तुमच्या गाडीची नळी कापायची वेळ आली तर कापलेला तुकडा फेकू नका, हे बघा. तडा कुठून सुरू झाला ते त्यावर लिहिलेलं असतं.

म्हणून पत्ती लावायची तर नळीच्या भिंतीएवढ्याच किंवा त्याहून किंचित कमी जाडीची, आणि तिचं टोक आडवं नको. पतंगासारखं निमुळतं, किंवा माशाच्या उघड्या तोंडासारखं आत कापलेलं हवं, म्हणजे कडकपणा हळूहळू उतरतो. वेल्ड लांबीच्या कडांना, टोकाच्या बिंदूवर वेल्ड थांबवायचा नाही, टोक वळून पुढे जायचं. नळीला आडवा जाणारा वेल्ड जितका टाळता येईल तितका टाळा. नळी पूर्ण तुटली असेल तर बाहेरून पत्तीपेक्षा आतून स्लीव्ह, म्हणजे आत घातलेली बारीक नळी, चांगली: घट्ट बसणारी, तड्याच्या दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाच्या दीडपट तरी जाणारी, टोकं तिरकी कापलेली. बाहेरच्या नळीला भोकं पाडून त्यातून ती वेल्डनं पकडायची. तुमच्या बाबतीत नळी तुटलेली नाही, तडा पाव घेरापेक्षा कमी असेल तर मी वेल्ड आणि छोटी निमुळती पत्ती यावर थांबेन. जुन्या गसेटचं टोकही त्याच वेळी कानशीनं निमुळतं करून घेईन, कारण मूळ खोट तिथे होती. आणि बोल्टचं भोक लांबट असेल तर वेल्डनं भरून नव्यानं पाडायचं, जाड वॉशरखाली झाकायचं नाही.

चेसिस नंबर हँडलच्या नळीवर किंवा तिच्या जवळ कोरलेला असतो. त्यावर ग्राइंडर, पत्ती, वेल्ड काहीच नाही. दुरुस्तीचे आधी-नंतरचे फोटो काढून ठेवा, गाडी विकताना ते खरेदीदाराला दाखवा.

वेल्डचा मणी उगाळून सपाट करू नका. सफाई दिसते, पण जोडाची जाडी जाते. फक्त पायाशी अंडरकट असेल तर कानशीनं, नळीच्या लांबीच्या दिशेनं, हलकेच मिसळून घ्या. आडवे ओरखडे ठेवायचे नाहीत. गार झाल्यावर डीपी, आणि क्रोमोली असेल तर दोन दिवसांनी पुन्हा एकदा. वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणारे तडे उशिरानं उघडतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या चेसिसबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हे वाचून कोणीतरी करायला जाईल म्हणून. पोलादात भार एका मर्यादेखाली राहिला तर थकवा जवळजवळ येत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, लहान भारही मोजला जात राहतो. शिवाय ६०६१-टी६सारखा उष्णतोपचार केलेला धातू वेल्डशेजारी जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. ती परत आणायची तर पूर्ण चेसिस ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायची आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास ठेवायची. त्यात ती वाकडी होण्याचा धोका. मिश्रधातू कोणता हे ठाऊक नसताना अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलच्या नळीपाशी किंवा पिव्हटपाशी वेल्ड करायला मी नकार देतो. मागच्या सबफ्रेमचा (सीट धरणाऱ्या जोडसांगाड्याचा) ब्रॅकेट असेल तर करतो.

लोखंडी चेसिसही काही वेळा सोडून द्यावी लागते. तीन-चार जागी तडे असतील, नळीला हातोडीचं टोक मारल्यावर 'ठण्'ऐवजी 'थप्प' आवाज येत असेल किंवा खळगा पडत असेल, हँडलची नळीच लांबट झाली असेल आणि बेअरिंगचा कप हातानं फिरत असेल, तर दुसरी चेसिस, तिच्या कागदांसकट, शोधा. तुमच्या वर्णनावरून ती वेळ आलेली दिसत नाही, पण डीपीनंतर मला वाटेल ते बदलू शकतं.

रंगाचं काय, हे लोक शेवटी विचारतात, म्हणून सांगतो. पावडर कोटिंग आत्ता नको. नळीच्या आत वितळलेल्या मेणाचा किंवा पातळ तेलाचा थर फिरवून जास्तीचं ओघळून घ्या, वर प्रायमर आणि त्यावर पातळ, फिकट रंगाचा हात. पांढरट असेल तर उत्तम, काळा नको. फिकट रंगावर तड्याची रेघ आणि गंजाचा पहिला ओघळ लगेच दिसतो. बोल्ट कंपनीच्या टॉर्कप्रमाणे कसा, त्यावर पेनानं एक रेघ ओढा, म्हणजे हलला तर दोन्ही रेघा जुळणार नाहीत. शंभर किलोमीटरवर, पाचशेवर आणि हजारावर टाकी उचलून टॉर्च आडवी धरून बघा. एक-दोन पावसाळे स्वच्छ गेले, की मग मनासारखा काळा मारा.